मातीचे देणे

कार्यालयातील गोपनीय कागद यंत्रात घातला की क्षणार्धात त्याच्या बारीक पट्ट्या होतात. त्यावरील मजकुराचे काम तेथे संपते; कागदाचे मात्र संपत नाही. या पट्ट्यांचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

अखंड कागदापासून पुन्हा कागद तयार होतो, म्हणून तो रद्दीतच द्यावा. कातरलेल्या कागदाचे तंतू मात्र तुटून आखूड होतात व नव्या कागदासाठी तितकेसे उपयोगी राहत नाहीत. अशा पट्ट्या इतर कचऱ्यात मिसळल्या, की त्यांची अखेर कचराभूमीवर होते. तेथे ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. २०१६ साली मुंबईतील देवनार आणि २०२२ साली दिल्लीतील भलस्वा येथील कचराभूमींना आगी लागल्या, तेव्हा आसपासच्या वस्त्यांना तो धूर सोसावा लागला. आपल्या निष्काळजीपणाची किंमत अशी दुसऱ्यांनी मोजावी, हे न्याय्य नव्हे.

हाच कागद खतासाठी वापरला तर उपकारक ठरतो. कचरा नीट कुजण्यासाठी नायट्रोजनच्या सुमारे २५ ते ३० पट कार्बन लागतो. भाजीची देठे व फळांच्या साली यांत पाणी आणि नायट्रोजन अधिक असतो; कागदात कार्बन अधिक असतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पट्ट्या विरळ पसरल्यास त्या पाणी शोषून घेतात, हवा खेळती राहते आणि दुर्गंधी कमी होते. जाड थर मात्र भिजून घट्ट बसतो. तसेच न कुजलेला कागद थेट कुंडीतील मातीत मिसळू नये. तो कुजवणारे जिवाणू मातीतील नायट्रोजन वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

शाईचे काय, असे कोणी विचारील. ही शंका रास्त आहे. छपाईच्या काळ्या भुकटीतही प्लास्टिकचा अंश असतो. म्हणून गडद वा रंगीत छपाईचे कागद, चकचकीत कागद, यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या आणि टाचण्या कटाक्षाने वगळाव्यात.

अर्थात, खत होते म्हणून कागदाची उधळपट्टी करावी, असा याचा अर्थ नाही. कागद दोन्ही बाजूंनी वापरणे, हे आपले पहिले कर्तव्य होय. झाडे, बांबू, उसाचे चिपाड यांपासून कागद बनतो; म्हणजे तो मूळचा मातीचाच. काम संपल्यावर मातीचे हे देणे मातीला परत करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.