जागलीची बॅटरी : सेल की चार्जिंग?



कापसाचा खर्च मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी आणि वेचणीची मजुरी धरतो. हातातली बॅटरी मात्र घरखर्चात जाते. भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा, असे सारे म्हणतात. पण ज्याच्या वाट्याला तलाव-बोडीचे पाणी नाही तो कोरडवाहूच, आणि रात्र त्यालाही चुकत नाही. ज्वारी निसवली की रानडुकरांसाठी जागल लागते. कोका आणि उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यांच्या कडेच्या गावांना डुक्कर हाकलताना मागे वाघ नाही ना, हेही पाहावे लागते. हरभऱ्याला एखादे पाणी द्यायचे तर रात्रपाळीच्या विजेवर मोटार सुरू करायला ज्या बांधावरून जायचे, त्याच बांधावर मण्यार आणि घोणस फिरतात. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ती ज्याच्या फीडरपर्यंत पोचली त्याची रात्र सुटली. बाकीच्यांना उजेड पदरच्या पैशाने घ्यायचा आहे. हा शेतीचाच खर्च आहे, तेव्हा हिशेबही तसाच मांडू.

लिथियमच्या नावाने दुकानात दोन माल मिळतात. एक वापरून फेकायचा, भिंतीच्या घड्याळात बसतो त्या मापाचा, दीड व्होल्टचा. दुसरा चार्जिंगचा, ३.७ व्होल्टचा, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात.

फेकायच्या दोन सेलांत मिळून साधारण ९ वॉट-तास वीज असते. चार्जिंगचा २६०० एमएएचचा एकच सेल एका भरण्यात जवळपास तेवढीच देतो. आता एक वॉटचा दिवा रात्रीतून तीन तास जळतो आणि जागल शंभर रात्री चालते असे धरा. ३०० वॉट-तास झाले. फेकायच्या सेलांच्या तेहतीस जोड्या, म्हणजे सहासष्ट सेल. किंवा एकच सेल तेहतीस वेळा भरणे. चांगला सेल चारपाचशे वेळा भरता येतो, आणि वाया जाणारी वीज धरूनही एका युनिटमध्ये ऐंशीएक वेळा भरतो. आपल्या गावच्या दुकानातला भाव घाला आणि गुणाकार करा. रोजच्या जागलीला फेकायचा लिथियम सेल वापरणे म्हणजे पोळ्याला घ्यायचा बैल दर आठवड्याला विकत घेणे.

मग तो सेल कुचकामी का? तसे नाही. तो दहा वर्षे आणि त्याहून जास्त काळ पडून टिकतो, साध्या सेलासारखा सहसा पाझरत नाही, वजनाला हलका असतो. वादळाने गावातली वीज तीन दिवस गेली की चार्जिंगवाला हात चोळत बसतो. तेव्हा कपाटातली दुसरी बॅटरी कामाला येते. तेवढ्यापुरता तो घ्यावा. ऐपत नसेल तर साधे सेलही चालतात, फक्त ते बॅटरीतून काढून वेगळे ठेवावेत, नाही तर पाझरून डबी खातात.

फसवणूक दुसरीकडेच आहे. बाजारात चार्जिंगची म्हणून मिळणारी पुष्कळशी बॅटरी तोंड बंद करून येते. आतला सेल मेला की सगळीच उकिरड्यावर. तीही फेकायचीच झाली, नाव तेवढे चार्जिंगचे. हातात जड लागली तर आत बहुधा शिशाची बॅटरी असते; ती रिकामी ठेवून चार महिने खुंटीला टांगली की परत उठत नाही. म्हणून सेल बदलता येईल अशीच घ्या आणि एक जास्तीचा सेल भरून जवळ ठेवा. सेलावर ९९०० एमएएच छापले असेल तर तो सरळ परत करा. या मापात ३५०० च्या वर फार जाता येत नाही. भारतीय मानक आयएस १६०४६ चा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा.

आता कापूसवाल्यांनी नीट ऐकावे. भाव येईल म्हणून आपण कापूस घरातच ठेवतो, आणि विजेचा खटका त्याच खोलीत असतो. लिथियमचा सेल फुगला, चेपला किंवा चुकीच्या चार्जरवर लागला तर पेट घेऊ शकतो. कापसाच्या गंजीवर बॅटरी चार्जिंगला लावून झोपणे म्हणजे वर्षाचे पीक काडीपेटीशेजारी ठेवणे. चार्जिंग उघड्या फरशीवर, जागेपणी, कापूस आणि कडब्यापासून दूर करावे. फेकायचा लिथियम सेल तर कधीच चार्जरला लावू नये. वैशाखात सेल टिनाखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. ४५ अंशांच्या वर भरणे त्याला सोसत नाही. हंगाम संपल्यावर अर्धा भरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावा.

मेलेले सेल चुलीत टाकू नका, विहिरीजवळ पुरू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सेल विकायला गावोगाव दुकान आहे, परत घ्यायला कोण बसले आहे, हे तालुक्याच्या पुढच्या बैठकीत नावानिशी विचारू. तोवर जुने सेल टोकांना चिकटपट्टी लावून, पोरांच्या हाती लागणार नाहीत असे, मातीच्या मडक्यात जमा करून ठेवावेत.