घरची वही की आयती?

पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. हाताने उतरविलेल्या ग्रंथात प्रतीगणिक फरक पडत जातो. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते. एकाच मजकुरात दहा जण हात घालतात. मग कोणी, केव्हा, काय बदलले, याची वही ठेवावी लागते. तिलाच 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात.

अशी वही आपणच घडवावी, असे उत्साही विद्यार्थ्यांना वाटते. उत्साह स्तुत्य खरा. पण आमचे मत त्याविरुद्ध आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' स्वतः घडविले, हा दाखला नेहमी पुढे केला जातो. परंतु तो पुरता पाहावा. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सच्या कामासाठी २००२ पासून ते एका कंपनीचे 'बिटकीपर' वापरीत होते. २००५ च्या एप्रिलात त्याची फुकट वापराची सवलत बंद झाली. इतर साधने त्यांच्या कामाच्या वेगाला पुरेनात, तेव्हा कुठे त्यांनी लेखणी उचलली! तीन वर्षे दुसऱ्याचे अवजार हाताळल्यामुळे आपल्याला काय हवे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. काही दिवसांतच गिट चालू झाले, आणि जुलैत त्याची देखभाल त्यांनी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविलीही. गिट कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे. प्रत्येकाच्या प्रतीत सारा पूर्वेतिहास असतो. म्हणून आयते घेताना ते परके आहे काय, हे विचारू नये. उद्या ते कोणी काढून घेऊ शकेल काय, एवढेच विचारावे.

आमची मातृभाषा कोंकणी. देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांत ती लिहिली गेली. पण लिपी उसनी म्हणून बोल परके झाले नाहीत. बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात, जिथे घरची भाषा एक आणि बाजारची दुसरी, तिथे हे निराळे सांगावयास नको.

गिटमध्ये मराठी मजकूरही सुखाने राहतो. जात्यावरची एखादी ओवी भालकीची आजी एका शब्दाने म्हणत असेल, आळंदची दुसऱ्या. ते दोन्ही पाठ, कोणत्या गावी व केव्हा ऐकले या नोंदीसह, उतरवून ठेवण्याचे काम मात्र आयते मिळणारे नाही. आठवी-नववीच्या मुलामुलींनी ते या सुटीतच हाती घ्यावे.