अठरा वजा सतरा

मुलांनो, आजचं गणित अगदी सोपं आहे. अठरातून सतरा गेले, उरले किती? "एक!" पहिलीतलं पोरही सांगेल. पण हे गणित सोडवायला मला दीड वर्ष लागलं, आणि सोडवता सोडवता माझीच एक चूक सापडली. ती आज तुमच्यापुढे कबूल करते.

आमची शाळा वाईपासून सात किलोमीटरवर. जाण्या-येण्यासाठी मी गिअरची सायकल घेतली. जाड टायरची, डोंगरात चालवतात ना, तसली. पुढे तीन दातेरी चाक्या, मागे सहा. तीन सक अठरा, म्हणजे गिअर अठरा! मधल्या सुट्टीत पोरांचा गराडा पडायचा. "बाई, एक चक्कर द्या ना!" मग मीही ऐटीत म्हणायची, "बिनगिअरची सायकल म्हणजे नुसती दमछाक रे!" हे वाक्य लक्षात ठेवा बरं का.

सातवीतला एक मुलगा तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून आजोबांच्या उंच काळ्या सायकलीवर यायचा. एक दिवस तो चालत आला. वाटलं, पंक्चर असेल. दुसऱ्या दिवशीही चालतच. मग रोजच. प्रार्थनेला उशीर होऊ लागला. विचारलं तर खाली मान घालून म्हणे, "सायकल बिघडलीय, बाई."

पुढे बिघडली ती माझी! पटांगणात वाऱ्यानं सायकल आडवी पडली आणि मागचा पंजा वाकला. पंजा म्हणजे साखळी एका चाकीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग. माझ्या ते लक्षातच आलं नाही. संध्याकाळी कालव्याच्या पुलाच्या चढाला गिअर बदलला आणि खाड्‌! पंजा मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरला. चाक जाम. मागची बाजू उचलून ढकलत निघाले, तर पुढे तोच मुलगा चालत होता. त्यानं न सांगता कॅरिअरला हात लावला.

थोडं चालल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, माझी सायकल बिघडली नाही. पोरं हसतात. बिनगिअरची म्हणतात. तुम्हीच म्हणाला होता ना..."

मला काय वाटलं असेल, सांगा पाहू! माझ्या एका ऐटीच्या वाक्यापायी हे पोर रोज सहा किलोमीटर पायपीट करत होतं.

दुसऱ्या दिवशी वाईत सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारकाका म्हणाले, "पंजा मागवावा लागेल, वेळ लागेल. पण बाई, अठरातले वापरता किती?" मी विचार केला. रस्ता बहुतेक सपाट, चढ एका पुलाचा. वापरत होते दोन, फार तर तीन. "मग एकाच चाकीवर करून देऊ का?" मी म्हटलं, "करा!"

काकांनी दोन्ही गिअरचे खटके, तारा आणि पंजे काढले. मागे 18 दात्यांचं एकच फ्रीव्हील बसवलं. पुढची 38 दात्यांची मधली चाकी ठेवली. साखळी तोडून आखूड केली आणि मागचं चाक खाचेत मागे सरकवून ती ताणली. ही खाच आडवी होती म्हणून जमलं. उभी असती, तर साखळी ताणून धरायला वेगळी छोटी चाकी लावावी लागली असती. पुढची-मागची चाकी एका रेषेत आहे ना, हेही त्यांनी डोळा बारीक करून पाहिलं. साखळी तिरकी धावली की लवकर झिजते आणि उतरते.

शाळेत गेले तर पोरांचे चेहरे पडले. "बाई, गिअर कुठं गेले?" मी म्हटलं, "चला, आज गणिताचा तास पटांगणात!"

टायरवर खडूची खूण करून चाक एक फेरा फिरवलं. अंतर भरलं 2 मीटर 7 सेंटीमीटर. पुढचे दाते 38, मागचे 18. पायडलच्या एका फेऱ्यात चाक 38 भागिले 18, म्हणजे दोनाहून थोडे जास्त फेरे घेतं. सायकल पुढे जाते सुमारे 4 मीटर 37 सेंटीमीटर. आधी माझ्याकडे सगळ्यांत हलका गिअर होता पुढे 28, मागे 28. त्यात एका फेऱ्याला फक्त 2 मीटर 7 सेंटीमीटर. सगळ्यांत जड होता 48 आणि 14. त्यात 7 मीटरच्या वर!

मग हलक्या गिअरमध्ये कष्ट वाचतात का? नाही! हौद भरायचाय. घागरीनं भरा, खेपा कमी पण ओझं जड. तांब्यानं भरा, ओझं हलकं पण खेपाच खेपा. पाणी तेवढंच. गिअर ताकद देत नाही, ती वाटून देतो.

आणखी एक गंमत. 28 भागिले 14 किती? दोन. 48 भागिले 24 किती? तेही दोनच! म्हणजे माझे अठरा गिअर खरे अठरा नव्हतेच, काही एकमेकांची जुळी भावंडं होती.

पूर्वी उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच असायचं. वेग हवा तर चाकच मोठं करा! 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीनं मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल आणली आणि लहान चाकानंही वेग मिळू लागला. फ्रान्सची 'टूर द फ्रान्स' शर्यत 1903 साली सुरू झाली, पण साखळी सरकवणाऱ्या गिअरला तिथं 1937 साली परवानगी मिळाली. तोवर कित्येक शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाकी लावायचे आणि घाट आला की उतरून, चाक काढून, उलटं बसवायचे!

आता आमच्या त्या मित्राची पाळी. दुसऱ्या दिवशी तो आजोबांची सायकल घेऊन आला. दाते त्यानंच मोजले. पुढे 44, मागे 18. चाकही मोठं. एका फेऱ्याला भरले जवळजवळ साडेपाच मीटर! "बाई, माझी तुमच्यापेक्षा पुढं जाते!" तो ओरडला. खरंच जात होती. मात्र चढाला तिला जोरही जास्त लागतो, हेही आम्ही फळ्यावर लिहिलं.

तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बिनगिअरच्या सायकलीबद्दल मी बोलले ते चुकलं." वर्ग गप्प झाला. मोठ्या माणसांची चूक ऐकायची सवय नसते ना!

एक चाकी म्हणजे सगळं छानच, असं मात्र नाही. पसरणीच्या घाटानं पाचगणीला जायचं तर मी गिअरचीच सायकल मागेन. उतारावर माझे पाय आता नुसतेच भिरभिरतात. पुलाच्या चढाला वारा समोरून असला की मी उतरते. आमचा मित्रही उतरतो. मग दोघं सायकली हातात धरून गप्पा मारत पूल ओलांडतो.

पालकांनो, सायकल घेताना गिअर मोजण्याआधी तीन गोष्टी पाहा. मुलाचे पाय जमिनीला टेकतात का, दोन्ही ब्रेक नीट लागतात का, आणि त्याचा रोजचा रस्ता कसा आहे. चढ असेल तर गिअर जरूर घ्या.

आणि मुलांनो, या रविवारी तुमच्या सायकलचे दाते मोजा. मोजताना पायडल कुणी फिरवू नका, बोट साखळीत सापडतं. खडू, टेप आणि वही घ्या. एका फेऱ्यात तुमची सायकल किती पुढे जाते, ते काढा बघू. शेजारची सायकल मागे पडली तर हसू मात्र नका हं. तिचा रस्ता वेगळा असेल!