पुस्तकबांधणीचा छंद आणि साहित्याचा विद्यार्थी

मराठी विषय घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी संहिता, पाठभेद, आविष्काररूप हे शब्द सराईतपणे वापरतो. त्याच्या हातातील पुस्तक शिवलेले आहे की नुसते चिकटवलेले, असे त्याला विचारून पाहावे. तो पुस्तक उलटसुलट करील आणि प्रश्नात काही खोच आहे काय, याचा विचार करू लागेल. खोच काही नाही. पण ज्या वस्तूवर आपली सारी विद्या उभी आहे ती वस्तू कशी बनते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि या अज्ञानाची किंमत आपण मोजत आहोत, असे माझे मत आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने (खरे तर त्याच्याआधी प्राध्यापकाने) पुस्तकबांधणी शिकावी. निदान छंद म्हणून.

नागपुरात या छंदाचे सामान जमवायचे तर गांधीबाग आणि इतवारीचा परिसर पुरेसा आहे. गांधीबाग हा ठोक कापडाचा बाजार. पुस्तकाच्या पाठीला लावायचे मांजरपाट, वरून चढवायचे जाड सुती कापड येथे मिळते. पुठ्ठा, कागद, दोरा यांसाठी फार लांब जावे लागत नाही. मैदा घरातच असतो. त्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकले की कसर लागत नाही, हे कुणीही जुना बाइंडर सांगेल. तोच हेही सांगेल की कागदालाही कापडासारखे उभे-आडवे असते. ते न पाहता पुठ्ठ्यावर ओली खळ फासली तर पुठ्ठा होडीसारखा वाकतो.

या कामाची भाषाही ऐकण्यासारखी आहे. सोळा पानी घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. बाइंडराकडे आला की त्याचा ‘जुज’ होतो, आणि असे जुज एकमेकांना दोऱ्याने गुंफण्याचे काम म्हणजे ‘जुजबंदी’. जुज हा मूळ अरबी शब्द, अर्थ भाग. कुराणाचे तीस जुज असतात ते हेच. संस्कृतातही पाहा : ‘ग्रंथ’ म्हणजे मुळात गुंफलेले, ‘सूत्र’ म्हणजे दोरा. ‘पुस्तक’ हा शब्द तर इराणी भाषांतील कातडीवाचक शब्दावरून आला असावा, असे एक मत आहे. आणि मराठीत ‘शिवणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ. छापील ग्रंथाच्या शाईत चरबी असते या शंकेने एकोणिसाव्या शतकातील सोवळी मंडळी त्याला शिवत नसत, म्हणून मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात तुपाची शाई वापरली गेल्याचे सांगतात. पुस्तकाच्या शरीराविषयीची ही धास्ती आपल्या वाङ्मयेतिहासात गमतीचा किस्सा म्हणून येते व जाते. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस गरम करताना त्याचा वास एकदा नाकात गेला की तो किस्सा राहत नाही.

गांधीबागेत आणखी एक गोष्ट पाहावी. दिवाळीच्या सुमारास वहीपूजनासाठी लाल कापडाच्या लांबट चोपड्या विकायला येतात. हिशेब आता संगणकावर गेला, तरी पूजेपुरती चोपडी घेणारे व्यापारी पुष्कळ आहेत. ही चोपडी उघडून पाहिली तर आत ओळी आखलेल्या नसतात; कागदाला घड्या घालून पाडलेले सळ हेच तिचे रकाने. शिवण जाड सुती दोऱ्याची, बाहेरून दिसणारी, आणि वही बहुधा खालून वर उलगडणारी. पाठीला सरस नाही, गोंद नाही. वर्षभर दिवसातून पन्नास वेळा उघडली तरी पाने सुटत नाहीत.

आता कीर्तनकारांची ‘बाडे’ आठवावीत. पोथी म्हणजे सुटी पाने. वर-खाली फळ्या, त्यावर बासन. बाड मात्र शिवलेले असते, तेही आखूड बाजूला, म्हणजे चोपडीसारखेच खालून वर उलगडणारे. पोथी मांडी घालून, समोर ठेवून वाचायची. बाड काखोटीला मारून गावोगाव न्यायचे, हवा तो अभंग काढायचा, नवा मिळाला तर मागच्या पानावर उतरवून घ्यायचा. एकाच संताच्या अभंगांची संख्या आणि क्रम बाडाबाडांत का बदलतो, याची चर्चा आपण मौखिकता, प्रक्षेप अशा संज्ञांनी करतो. त्यातील थोडा भाग शिवणीने समजतो. पोथी नक्कल करण्यासाठी आहे, बाड भर घालण्यासाठी.

तुकोबा वाणी होते, देहूची महाजनकी आणि सावकारी त्यांच्या घरात होती, हे आपण जातीच्या वा वृत्तीच्या संदर्भात सांगतो. पण ज्या घरात खतावण्या होत्या त्याच घरात अभंगांच्या वह्या झाल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या. पहिला कागद परत आला नाही, दुसरा आला. अरुण कोलटकरांच्या २००३ साली निघालेल्या ‘भिजकी वही’ या संग्रहाचे शीर्षक ज्या वहीची आठवण देते, ती वही आपण प्रतीक म्हणून इतकी वापरली आहे की तीही कुणीतरी शिवली असेल हे मनात येत नाही.

हे सारे कुतूहलापुरते असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या वाङ्मयीन मासिकांचे बांधीव खंड मी पाहिले. बांधणी पक्की होती, पाठीवर सोनेरी अक्षरे होती. पण बांधताना प्रत्येक अंकाची मुखपृष्ठे-मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली, आणि तिन्ही बाजू यंत्रावर इतक्या सफाईने कापलेल्या की समासातील कुणा जुन्या वाचकाच्या पेन्सिलीच्या टिपा अर्ध्या उडालेल्या. असे खंड राज्यभर आहेत. कथा-कविता शाबूत आहेत, हे खरे. पण अंकाची किंमत काय होती, तो कोणाच्या जाहिरातींवर चालला, साबणाची की सिनेमाची, मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचे होते की दुसऱ्या कुणाचे, हे आता त्या खंडातून कळणार नाही. नियतकालिकांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे निम्मे साधन कात्रणाच्या टोपलीत गेले.

यात बाइंडराचा दोष मी मानत नाही. त्याला खंडामागे पैसे मिळतात. फालतू पाने काढा, असे सांगूनच त्याच्याकडे गठ्ठे जातात. मराठी विभागातील कुणी त्याच्यापर्यंत गेला नाही. गेला असता तरी त्याच्या भाषेत काय सांगणार होता? ‘कटाई करू नका, समास राखा, जुजबंदी जुन्याच छिद्रांतून करा, मुखपृष्ठ आतल्या अस्तरावर चिकटवा’, ही चार वाक्ये बोलायला चार पुस्तके स्वतः शिवलेली असावी लागतात.

दुसरा मुद्दा गोंदाचा. आज आपली बहुतेक पुस्तके ‘परफेक्ट’ नावाच्या बांधणीची असतात : घड्यांची पाठ तासून काढायची आणि सुट्या पानांना गरम गोंद लावून वर आवरण चिकटवायचे. पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात अशा पुस्तकांचे काय होते, हे प्रत्येकाच्या कपाटात दिसेल. शिवलेले पुस्तक उसवते, पण ते पुन्हा शिवता येते. तीच गोष्ट खळीची : ओलाव्याने ती सुटते, पूर्वीच्या माणसाचे काम मागे घेता येते. पांढरा सिंथेटिक गोंद वाळला की पाण्याला दाद देत नाही. जुन्या ग्रंथाचा संपादकही पाठ निवडताना बाकीचे पाठ तळटीपेत ठेवतो, ते याच न्यायाने; पुढच्याला आपला निर्णय उसवता आला पाहिजे. पाठचिकित्सा शिकवताना हे उदाहरण मी दिले आहे, आणि ते कळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या कामावर कुणाचे पोट आहे ते पगारदार माणसाने रविवारचा छंद म्हणून करावे, यात थोडी चैन आहे. टी. जे. कॉब्डेन-सँडरसन हा इंग्रज बॅरिस्टर १८८३ साली जेन मॉरिस यांच्या सूचनेवरून पुस्तकबांधणीकडे वळला आणि नामांकित कारागीर झाला. पण त्याच्या बांधण्या श्रीमंतांच्या कपाटांसाठी होत्या. (म्हातारपणी त्याने आपल्या छापखान्याचे टंक भागीदाराच्या हाती पडू नयेत म्हणून टेम्स नदीत फेकले. त्यांतील काही २०१४ मध्ये पाणबुड्यांनी वर काढले. नद्यांना हा नाद सगळीकडेच दिसतो.) उलट मायकेल फॅरेडे १८०५ साली चौदाव्या वर्षी बाइंडराकडे उमेदवार म्हणून लागला तो गरिबीमुळे, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकला. आपण फॅरेडे नाही, कॉब्डेन-सँडरसनच्याच बाजूचे आहोत, हे मान्य करावे. म्हणून शिकायचे ते काम करणाऱ्याकडे, त्याच्या वेळेची किंमत देऊन. आणि हाताला वळण लागल्यावरही ग्रंथालयाचे काम त्याच्याकडेच जाईल हे पाहावे. छंदिष्टाने फुकट काम करून त्याचा भाव पाडू नये.

सुरुवात चोपडीपासून करावी. तिला गोंद लागत नाही, दाबायला शिकंजा लागत नाही. कागद, जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि लाल कापडाचा तुकडा बस्स. नंतर एक जुजबंदी. घरातल्या दुर्मीळ पोथीला किंवा हस्तलिखिताला मात्र हात लावू नये. ते प्रशिक्षित संवर्धकाचे काम आहे. पाने सुटलेली क्रमिक पुस्तके प्रत्येक मराठी विभागात हवी तेवढी पडून आहेत.