भुकटी तीच, चुंबक वेगळं

मोबाइलचा चार्जर उघडला तर तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात बसवलेला एक काळा, ठिसूळ तुकडा दिसतो. तो फेराइटचा. लोहाचा ऑक्साइड आणि मँगनीज, झिंक, निकेल अशा धातूंचे ऑक्साइड एकत्र भाजून केलेला हा चुंबकीय सिरॅमिक पदार्थ. १९३० मध्ये टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी तो शोधला आणि १९३५ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी टीडीके ही कंपनी निघाली. कोल्हापूरचंही या पदार्थाशी जुनं नातं आहे. शहराला ते म्हणावं तितकं ठाऊक नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात फेराइटवर कित्येक दशकं काम चालू आहे. एस. आर. सावंत आणि आर. एन. पाटील यांनी १९८० च्या दशकात कॉपर-झिंक फेराइटवर निबंध लिहिले. पुढे बी. के. चौगुले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फेराइट आणि फेरोइलेक्ट्रिक यांच्या मिश्र पदार्थांचा अभ्यास केला. या साऱ्या कामात निकाल ठरवणारी जागा एकच, ती म्हणजे भट्टी.

फेराइटची भुकटी साच्यात दाबली की गोळी किंवा कडं तयार होतं, पण ते हातानं चुरगळेल इतकं कच्चं असतं. ते वितळू न देता ९०० ते १४०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तापवलं की कण एकमेकांना सांधले जातात, मधल्या पोकळ्या मिटत जातात आणि तुकडा आक्रसून घट्ट होतो. हेच सिंटरिंग. एकाच फडातल्या उसाचा रस दोन गुऱ्हाळांत गेला, तर काहील नेमकी कधी उतरवायची हे ज्या गुळव्याला कळतं त्याचाच गूळ चांगला होतो, इथंही तसंच. तापमान कमी पडलं तर पोकळ्या राहतात आणि चुंबकीय डोमेनच्या भिंती तिथं अडकतात. ते वाढवलं की कण मोठे होतात आणि पारगम्यता वाढते. त्याच्याही पुढे गेलं तर झिंक उडून जातं, पोकळ्या कणांच्या पोटातच कोंडल्या जातात, लोहाचे काही आयन रूप बदलतात आणि विद्युतरोध घसरतो. मग चार्जरमधला तो तुकडा नुसता तापत राहतो.

लाउडस्पीकरमधल्या किंवा छोट्या मोटरमधल्या कायमच्या चुंबकाचं गणित तर उलटं. तिथं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटचे कण मायक्रॉनभरच राहायला हवेत. ते फुगले की विरोधी क्षेत्रापुढे टिकण्याची चुंबकाची ताकद कमी होते.

थंड करणंही तितकंच नाजूक. निकेल-झिंक फेराइट साध्या हवेत भाजता येतो. मँगनीज-झिंक फेराइटला मात्र तापमान उतरेल तसा भट्टीतला ऑक्सिजनही हिशेबानं कमी करावा लागतो. नाहीतर मँगनीजचं ऑक्सिडीकरण होतं, हेमॅटाइट वेगळा पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मोबाइलमधल्या चिप इंडक्टरची अडचण आणखी वेगळी. त्यात फेराइटच्या थरांबरोबर चांदीही भाजली जाते आणि चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते, हे हुपरीच्या चांदीच्या कारागिराला सांगायला नको. म्हणून तिथं निकेल-कॉपर-झिंक फेराइट ९०० अंशांच्या आसपासच घट्ट करावा लागतो.

नव्या पद्धतींचं आकर्षण स्वाभाविक आहे. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता तुकड्याच्या आतच निर्माण होते. स्पार्क प्लाझ्मा पद्धतीत दाब आणि विद्युतप्रवाह यांच्या जोरावर काही मिनिटांत काम होतं. पण ग्रॅफाइटच्या साच्यात फेराइटमधला ऑक्सिजन कमी होतो आणि तुकडा पुन्हा हवेत तापवावा लागतो. त्यापेक्षा आय-वेई चेन आणि वांग यांनी २००० मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची रीत आपल्या प्रयोगशाळांना अधिक जवळची वाटावी: आधी तापमान झटकन वर न्यायचं, मग खाली आणून बराच वेळ धरायचं. त्यामुळे पदार्थ घट्ट होतो, पण कण वाढत नाहीत. निकेल-कॉपर-झिंक फेराइटवर ही रीत यशस्वी झाली आहे आणि तिला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती तापमानावर काटेकोर ताबा ठेवणारी भट्टी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सिंटर केलेल्या दुर्मीळ मृदा चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन उत्पादनाचं तिचं उद्दिष्ट आहे. चीननं त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर वाहन उद्योगाला जो धक्का बसला, तो पाहता हे योग्यच. पण फेराइटला दुर्मीळ मृदा लागतच नाही. त्याची ताकद कमी असली तरी कच्चा माल म्हणजे मुख्यतः लोहाचा ऑक्साइड, जो पोलाद कारखान्यांत उपउत्पादन म्हणूनही मिळतो. जिथं मोटरचा आकार थोडा वाढला तरी चालतो, तिथं फेराइटचा विचार आधी व्हायला हवा. त्यासाठी वेगळा निधी मागणं मुळीच गैर नाही.

कोल्हापूरला उष्णतेचं नवल नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत १,४०० अंशांच्या वरचं लोखंड रोज ओतलं जातं. तिथली घाई आणि फेराइटच्या भट्टीचा संथपणा यांत फरक आहे, हे खरं. तरीही विजेचं बिल, भट्टीचं अस्तर, थर्मोकपल आणि नापास मालाचा हिशेब हे सगळं त्या माणसांच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. विद्यापीठाकडे पदार्थाची जाण आहे. पण सेंटिमीटरभर गोळीवर जमलेली गोष्ट हजारो तुकड्यांच्या ट्रेवर जमेलच असं नाही. भट्टीच्या दारापाशी ठेवलेला तुकडा आणि मधला तुकडा एकसारखे निघत नाहीत.

म्हणून वातावरण नियंत्रित करता येईल अशी एक मध्यम आकाराची सामाईक भट्टी इथं उभी राहायला हवी. तिच्यावर विद्यापीठाचे विद्यार्थी आणि कारखान्यांचे तंत्रज्ञ यांनी एकत्र काम करावं. तापवण्याचा वेग, धरून ठेवलेला वेळ, ऑक्सिजनचं प्रमाण, तुकड्याची जागा आणि तडकलेल्या मालाची संख्या यांची नोंद सर्वांना पाहता यावी. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा या उद्योजकांच्या तिन्ही संघटनांनी विद्यापीठाबरोबर बसून या भट्टीचा प्रस्ताव यंदाच राज्य सरकारपुढे ठेवावा.