पाऱ्याला वास नसतो

बदलापूर पूर्वेकडील खरवई परिसरात राहणाऱ्यांना रसायनांची ओळख प्रथम नाकाने होते. औद्योगिक वसाहत आणि निवासी इमारती यांच्यातील अंतर गेल्या काही वर्षांत झपाट्याने कमी झाले आणि रात्री-अपरात्री येणारा उग्र दर्प हा नागरिकांच्या तक्रारीचा नित्याचा विषय होऊन बसला. जून २०२१ मध्ये शिरगाव औद्योगिक परिसरातील एका कारखान्यातून वायुगळती झाली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले. जानेवारी २०२४ मध्ये खरवईतील एका रासायनिक कारखान्यात पहाटे स्फोट होऊन एका कामगाराचा बळी गेला. अशा प्रत्येक वेळी चर्चा होते, पाहणी होते, नोटिसा निघतात. दर्प आणि धूर यांचा एवढा तरी उपयोग असतो, की ते धोक्याची वर्दी देतात.

सर्वच विषारी पदार्थ अशी वर्दी देत नाहीत. पारा हा त्यांपैकी एक. त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आगही होत नाही. खरवईतील कारखान्यांवर पाऱ्याचा ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा असा, की कारखान्याच्या धुराड्याकडे संशयाने पाहणाऱ्या आपल्या घरांतच पारा अनेक वाटांनी येतो आणि घरातून बाहेर पडताना कचऱ्याच्या गाडीत सर्व कचऱ्याबरोबर मिसळून जातो. त्याची दखल घेणारी व्यवस्था कागदावर आहे. ती गल्लीपर्यंत पोहोचली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

एक धातू, तीन रूपे

पाऱ्याविषयीची भीती आणि बेफिकिरी या दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. पारा तीन रूपांत आढळतो आणि प्रत्येक रूपाचा शरीरावरील मारा निराळा असतो. थर्मामीटरमधील चकाकता द्रव हे त्याचे धातुरूप. तो चुकून गिळला गेला, तर निरोगी आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही आणि शौचावाटे निघून जातो. घराघरांत भीती असते ती मात्र याचीच. वास्तविक धोका त्याच्या वाफेचा. पारा साध्या तापमानालाही हळूहळू उडत राहतो आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. तेथून तो मेंदूपर्यंत जातो. हातांना कंप, झोप न लागणे, चिडचिड, विस्मरण, हिरड्यांचे विकार ही दीर्घकाळ वाफ घेतलेल्यांची लक्षणे आहेत.

दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे. त्यांचा रोख प्रामुख्याने मूत्रपिंडांवर असतो. तिसरे आणि सर्वांत घातक रूप म्हणजे मिथिल पारा. पाण्यात सोडलेल्या पाऱ्यावर तळाच्या गाळातील जिवाणूंची प्रक्रिया होऊन तो तयार होतो, शेवाळातून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत जाताना वाढत जातो. गर्भवतीच्या रक्तातून तो वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचतो आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करतो. जपानमधील मिनामाता येथे या विकाराची पहिली अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पारा हेच त्याचे कारण, हे तेथील सरकारने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत खाडीतील मासळी खाल्ली जात राहिली.

जिल्ह्याचा जुना अनुभव

ठाणे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या बॅरेजवर पिण्यासाठी उचलले जाते. तीच नदी पुढे शहाड-मोहने पट्ट्यातून वाहत खाडीला मिळते. या पट्ट्यात रेयॉनचे कारखाने उभे राहिले. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि त्या काळी कॉस्टिक सोडा तयार करण्याची प्रचलित पद्धत होती पाऱ्याच्या घटातून मिठाच्या पाण्याचे विद्युत-विघटन करण्याची. देशभरच्या अशा उद्योगांतून पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जात असे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ठाणे खाडीतील पाऱ्यावरील आपला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. अंबिवलीजवळच्या काळू नदीच्या प्रदूषणाची नोंदही त्याच सुमारास पर्यावरण अभ्यासकांनी घेतली होती.

या प्रश्नावर उपाय निघाला, हेही नमूद केले पाहिजे. पाऱ्याविना चालणारे मेम्ब्रेन सेल तंत्रज्ञान उपलब्ध झाले. पाठोपाठ २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योग यांच्यात ठरलेल्या सनदेत पाऱ्याचे घट बंद करण्यासाठी २०१२ ची मुदत घालण्यात आली आणि हे घट एकामागून एक बंद झाले. पर्यायी तंत्र, ठरलेली मुदत आणि कोणाला जाब विचारायचा याची स्पष्टता या तीन गोष्टी एकत्र आल्या, की विषारी पदार्थ हद्दपार करता येतो, हा त्याचा धडा. गाळात गेलेला पारा मात्र नाहीसा होत नाही. म्हणून मूळ प्रवाहातच त्याला अटकाव करणे स्वस्त पडते.

कोडाईकनालचे उदाहरण यासंदर्भात आठवावे लागते. तेथील थर्मामीटरच्या कारखान्यातील पारामिश्रित काचेचा सुमारे साडेसात टन चुरा २००१ मध्ये गावातील एका भंगारवाल्याकडे सापडला. कारखाना बंद पडला आणि पाऱ्याने दूषित झालेला सुमारे २९० टन माल २००३ मध्ये जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. माजी कामगारांना आर्थिक भरपाईचा समझोता पदरात पडण्यास २०१६ साल उजाडले. पाऱ्याचा कचरा भंगाराच्या वाटेने किती सहज वस्तीत शिरतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

घरात येणारा पारा

आता घराकडे वळू. तापाच्या थर्मामीटरमध्ये साधारणतः अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो, जुन्या पद्धतीच्या रक्तदाबमापकात तो शंभर ग्रॅमच्या आसपास जातो, तर सीएफएल दिव्यात अवघे काही मिलिग्रॅम. एक दिवा फुटल्याने कोणाला विषबाधा होत नाही. बंद, लहान खोलीत थर्मामीटर फुटून पारा फरशीच्या सांध्यांत वा गादीखाली गेला आणि तसाच राहिला, तर मात्र तेथे रांगणाऱ्या मुलाला आठवडेच्या आठवडे वाफ मिळत राहते. वाफ जड असल्याने ती जमिनीलगत अधिक असते.

असा पारा सांडला तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने थेंबांचे बारीक कण होऊन वाफ वाढते. मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, बोटांतील सोन्याची अंगठी काढून ठेवावी, कारण पारा सोन्याशी तत्काळ एकजीव होतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र लोटावेत, उरलेले कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सर्व काही घट्ट झाकणाच्या बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवावे. तो मोरीत किंवा संडासात ओतला, तर तो नदीच्याच वाटेला लागतो.

याहून गंभीर बाब गोरेपणाच्या मलमांची आहे. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतात आणि काही दिवसांत वर्ण उजळल्यासारखा दिसतो. वापर थांबताच रंग पूर्ववत होतो, म्हणून वापर सुटत नाही. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांना असे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडकीस आले आणि २०२३ च्या आरंभी त्याची वृत्तपत्रांत चर्चा झाली. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात पाहिलेल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एक विरळा प्रकार आढळला. या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे मलम वापरत होते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एक भागाहून अधिक असता कामा नये. परंतु नियम लागू होतो तो नाव-गाव असलेल्या मालाला. उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, अशी डबी ओळखीच्या ब्युटी पार्लरमधून किंवा ऑनलाइन हाती येते, तेव्हा तपासणीची साखळी सुरूच होत नाही. अन्न व औषध प्रशासनाने अशा मालाचे नमुने नियमितपणे उचलले पाहिजेत. मलम वापरणाऱ्या व्यक्तीच्या पायांना सूज येत असेल वा लघवीला फेस येत असेल, तर ती डबी डॉक्टरांना दाखवावी.

पारदयुक्त रसौषधींचा उल्लेखही टाळता येणार नाही. आयुर्वेदात पाऱ्यावर दीर्घ संस्कार करून औषधे सिद्ध करण्याची परंपरा आहे आणि म्हणूनच अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वैद्याच्या सल्ल्याविना, ऐकीव माहितीवर महिनोन्‌महिने अशी औषधे घेणे हा परंपरेचा सन्मान नव्हे.

दातांत भरल्या जाणाऱ्या चांदीसारख्या मिश्रणात निम्मा पारा असतो. हा उपयोग कमी करीत नेण्याचे धोरण जगाने स्वीकारले आहे. तथापि, ज्यांच्या दातांत असे जुने सुस्थितीतील भरण आहे, त्यांनी घाबरून ते उकरून काढू नये. काढताना सुटणारी वाफ अधिक असते. मासळीबाबतही असाच विवेक हवा. मासळी पौष्टिक आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान, अल्पायुषी मासे असल्याने त्यांत पारा तुलनेने कमी साठतो. मोरी, कुपा यांसारखे मोठे शिकारी मासे गर्भवती व स्तनदा मातांनी आणि लहान मुलांनी क्वचितच खावेत.

नियम आहे, केंद्र कोठे आहे?

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये फुटलेले थर्मामीटर, सीएफएल, ट्यूबलाइट, वापरलेल्या बॅटऱ्या यांना घरगुती घातक कचरा असे स्पष्ट नाव दिले गेले. तो स्वीकारण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा-केंद्र उभारावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असेही त्यात म्हटले होते. २०२६ मध्ये या नियमांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांनीही ओला, सुका आणि सॅनिटरी कचऱ्याबरोबर विशेष काळजीचा कचरा हा चौथा वर्ग वेगळा ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे दहा वर्षे नियम आहे. आपल्या प्रभागाचे जमा-केंद्र कोठे आहे आणि ते कधी उघडे असते, हे बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगरमधील किती नागरिकांना सांगता येईल?

याची किंमत कोण मोजते, हेही पाहावे. आपल्या घरातील ट्यूबलाइट आपल्या नाकाजवळ फुटत नाही. ती कचरागाडीत फुटते, भंगाराच्या दुकानात फुटते, क्षेपणभूमीवर फुटते. हातमोजे वा मुखपट्टीविना कचरा वेचणारे हात तिच्याशी झुंजतात. उघड्यावर कचरा पेटला, की त्यातील पारा धुराबरोबर वस्तीवर येतो. एका घरातून काही मिलिग्रॅम निघतो. लाखो घरांचा हिशेब मांडला, तर तो किरकोळ राहत नाही.

मिनामाता करारावर भारताने २०१४ मध्ये स्वाक्षरी केली आणि २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पारायुक्त उत्पादनांसाठी भारताने घेतलेली सवलत २०२५ पर्यंतची होती. नवा पारा बाजारात येणे यापुढे घटत जाईल. परंतु आजवर विकली गेलेली थर्मामीटरे, दवाखान्यांतील रक्तदाबमापके आणि माळ्यावर ठेवलेले बंद दिवे येत्या काही वर्षांत कचऱ्यात निघणार आहेत. एलईडी आणि डिजिटल उपकरणांकडे वळताना जुनी उपकरणे फेकण्याची घाई होणार, तेव्हा ती स्वीकारणारी व्यवस्था तयार असली पाहिजे.

मागणी मोठी नाही. नगरपरिषद आणि महापालिकांनी जमा-केंद्रांचे पत्ते व वेळा मालमत्ता कराच्या देयकावर छापाव्यात. महिन्यातून एक दिवस घंटागाडीबरोबर अशा कचऱ्याचा वेगळा डबा फिरवावा. सफाई कामगारांना तो हाताळण्याचे प्रशिक्षण आणि साधने द्यावीत. गृहनिर्माण संस्थांनी तळमजल्यावर एक बंद खोके ठेवून ट्यूबलाइटी अखंड स्वरूपात गोळा कराव्यात. खरवईचे नागरिक हवेतील दर्पाविरुद्ध संबंधित कार्यालयांचे उंबरठे झिजवत आले आहेत. त्याच अर्जांत जमा-केंद्राची एक ओळ वाढवली, तर ज्याची वर्दी कधीच मिळणार नाही, अशा एका धोक्याचीही दखल घेतली जाईल.