मिशीला धक्का, मेंदूला ऊब

ऑफिसात कुणाचं डोकं कधी गरम होतं, हे कळायला कॅमेरा लागत नाही. अप्रेझलचा महिना पुरतो! पण उंदराचा मेंदू नेमका कुठे गरम होतो, हे टिपणारे कॅमेरे खरंच आहेत. त्यांचा फंडा कळल्यापासून मी प्रत्येक रंगीत ब्रेन-स्कॅनकडे जरा तिरक्या नजरेनंच बघते.

आधी मिशांविषयी. अंधारात धावणाऱ्या उंदराच्या मिशा म्हणजे आपली बोटंच समजा. थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हान डर लोस यांनी १९७० साली दाखवलं, की उंदराच्या मेंदूत प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा वेगळा पुंजका असतो. दिसतो पिंपासारखा, म्हणून नाव 'बॅरल'. तोंडावर मिशा ज्या रांगांत, त्याच रांगांत ही पिंपं. थोडक्यात, प्रत्येक मिशीला स्वतःचं क्युबिकल!

आता प्रयोग. उंदराला भूल देऊन कवटीचा छोटा भाग उघडतात, वर इन्फ्रारेड कॅमेरा लावतात आणि मिशा हलवतात. पडद्यावर मेंदूच्या त्याच भागात उबदार ठिपका उमटतो. फरक एका अंशापेक्षाही खूप कमी, पण कॅमेऱ्याला तेवढा पुरतो.

मग हा ठिपका म्हणजे उंदराला जाणवलेला स्पर्श का? तर नाही, बॉस! पेशींचा संदेश काही मिलिसेकंदांत जातो, ऊब त्याच्या मागून रेंगाळत येते. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो. उघडा पडलेला मेंदू हवेनं गार झालेला असतो आणि शरीरातून येणारं रक्त गरम, म्हणून ती जागा तापते. गंमत म्हणजे मेंदूच्या आत, खोलवर, याच्या उलट होऊ शकतं. तिथे रक्त पेशींपेक्षा किंचित थंड असतं. जास्त रक्त आलं की ती जागा चक्क गार होते. काम तेच, पण एकीकडे लाल, दुसरीकडे निळं!

माणसांचं एफएमआरआयसुद्धा रक्तातल्या ऑक्सिजनचाच माग काढतं. त्यामुळे पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये कुणी लाल ठिपका दाखवून 'ब्रँडवरचं प्रेम इथे असतं' म्हणालं, तर हात वर करून एवढंच विचारा: रक्त मोजलंत की प्रेम? एका मुक्या जिवाची कवटी उघडून मिळालेलं ज्ञान आहे हे. निदान नीट वाचूया तरी.